नुसतं बघायचा परवाना

थॉमस भिंगारदिवे मास्तरांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत जंगल पाहिलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. नगरच्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवत. सदाहरित वनं, सूचिपर्णी वनं, टैगाचा पट्टा हे सगळं ते नकाशावर छडी टेकवून असं सांगत, की मुलांना वाटे मास्तरांचं आजोळ सैबेरियातच आहे. पण एकाहत्तर सालच्या मार्चात निवडणूक आली, मास्तरांच्या गळ्यात मतदान केंद्राची ड्यूटी पडली आणि राजूरच्याही पलीकडे, घोडदऱ्याची वाडी नावाच्या ठिकाणी त्यांना मतपेटीसकट नेऊन सोडण्यात आलं. वाडीतले सगळे मतदार दुपारी दोनच्या आत शिक्का मारून मोकळे झाले. पाचपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून मास्तरांनी दारातून बाहेर बघितलं. समोर जंगल होतं.

हिरडा, करवंद, आंबा, आणि त्यांच्या मधून कमरेइतकं पिवळंधमक गवत. मास्तर बघतच राहिले. मग त्यांची मान डावीकडे वळली आणि तिथला अख्खा डोंगर काळाठिक्कर दिसला.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं. पेटीच्या बंदोबस्ताला गोरक्ष उगले नावाचा फॉरेस्ट गार्ड होता. तो म्हणाला, "वणवा."

"कुणी लावला?"

"लागतो," गोरक्ष म्हणाला. "दर साली लागतो."

मतपेटी परत आली, मास्तरही परत आले. पण गेलेले मास्तर निराळे आणि आलेले निराळे. आठ दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. नवव्या दिवशी त्यांनी योजना जाहीर केली. योजना अशी, की शहरातल्या माणसांनी डोंगर बघायला जायचं, वाडीवर राहायचं, वाडीचं जेवायचं. त्यातून वाडीच्या हाताला काहीतरी लागेल. डोंगराला बघणारं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर तो जळू द्यायचा नाही असं वाडीलाच वाटेल. आणि बघणाऱ्यांनी मागे कागदाचा कपटासुद्धा ठेवायचा नाही. गेलो होतो हे डोंगराला कळतासुद्धा कामा नये.

"अहो, हे वाडीवाल्यांना कुणी सांगितलंय का?" कृपाबाईंनी विचारलं. मास्तरांच्या ह्या पत्नी दवाखान्यात नर्स होत्या, आणि माणूस किती तापलाय हे त्यांना हात न लावता कळे.

"तिथं गेल्यावर समजावून सांगू."

"बरं," कृपाबाई म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चा अर्थ वीस वर्षांच्या संसारात मास्तरांना पुरेपूर कळलेला होता. पण थोर कार्याच्या आरंभी माणूस शब्दाचा नुसता अर्थ घेतो, भावार्थ घेत नाही.

योजना वाड्याच्या चौकात पसरायला तासभरही लागला नाही. घरमालकीण पुष्पावतीबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "जंगलात वाघ असतो, मास्तर. मी येणार. पण खायचं काय? थंड फराळ मला बाधतो."

"चूल नाही, स्टोव्ह नाही," मास्तर म्हणाले. "नियम क्रमांक एक, जंगलात विस्तव न्यायचा नाही. विडी नाही, उदबत्ती नाही, काडीपेटीसुद्धा नाही."

"देवाला उदबत्तीसुद्धा नाही? तुमच्या धर्मात चालत असेल."

"आमच्यात मेणबत्ती असते, पुष्पावतीबाई. तीसुद्धा नाही."

असे एकूण सतरा नियम मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहून चौकातल्या खांबाला डकवले. त्यावर पहिली टीका शेजारच्या खोलीतल्या आसारामअण्णा कुलथ्यांची आली. अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि कागदाला नुसता वास घेऊन त्यातली चूक सांगत. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि विचारलं, "परवानगी?"

"डोंगर बघायला कसली परवानगी, अण्णा?"

"मास्तर, सरकारी जमिनीवर अर्ज केल्याशिवाय मी कधी शिंकलो नाही," अण्णा म्हणाले आणि लगेच शिंकले. पण ती जमीन पुष्पावतीबाईंची होती.

म्हणून पुढच्याच गुरुवारी रजा टाकून मास्तर आणि अण्णा अठरा नावांची यादी घेऊन एसटीनं त्या भागातल्या जंगल खात्याच्या एका कचेरीत जाऊन उभे राहिले.

"कशाला जायचंय?" कारकुनानं विचारलं.

"बघायला."

"काय बघायला?"

"जंगल."

"ते कळलं. पण जंगलात कशाला जायचंय? लाकूड, गवत, हिरडा, डिंक, मध, चराई. ह्यातलं काय?"

"ह्यातलं काहीच नको. नुसतं बघून परत येणार."

"नेणार काय?"

"काही नाही."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "अठरा माणसं नगरहून एसटीनं येणार, डोंगर चढणार आणि काही न घेता परत जाणार? मास्तर, ह्या टेबलावर मला एकवीस वर्षं झाली. लाकूड चोरणारा बघितला, मध चोरणारा बघितला. पण काहीच न नेणारा अजून बघितला नाही. संशयाला जागा आहे."

मास्तरांनी त्याला निसर्ग, सौंदर्य आणि पुढची पिढी ह्या विषयांवर दहा मिनिटं सांगितलं. कारकुनानं ते शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मग किती लाकूड लिहू?"

तेव्हा अण्णांनी मास्तरांना हलकेच बाजूला सारलं. पुढचं संभाषण दोन कारकुनांचं होतं. ते मराठीत असलं तरी मास्तरांना त्यातलं 'उपरोक्त' आणि 'सबब' एवढंच समजलं. पाऊण तासानं अण्णा विजयी मुद्रेनं बाहेर आले. हातात शिक्क्याचा कागद होता, डोईभाऱ्याचा परवाना. 'श्री. थॉमस भिंगारदिवे, बी.ए., बी.टी., व इतर सतरा गवतकापे यांस मौजे घोडदरा येथील सरकारी रानातून माणशी एक डोईभारा गवत नेण्यास हरकत नाही. परतताना अठरा भारे नाक्यावर दाखवणे बंधनकारक.'

"अण्णा, आपल्याला गवत नकोय."

"मास्तर, परवानगी हवी होती ना? ती मिळाली. आता कशाची मिळाली हे बघत बसू नका."

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी पहाटे अठरा गवतकापे नगरच्या स्टँडवर जमले. त्यांत मास्तर आणि अण्णा सोडून चार शिक्षक होते, पोस्टातले दोघं होते, एक होमिओपॅथ होते, बाकी बायकामंडळी होती. विळा एकाकडेही नव्हता. पुष्पावतीबाईंनी वाघासाठी छत्री घेतली होती. राजूरपर्यंत एसटी, पुढे मिळेल ती खडखडी आणि त्यापुढे दीड तास पायपीट करून सगळे घोडदऱ्याच्या वाडीत पोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

वाडीची कारभारीण रंगुबाई बांबळे. साठीची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. दारात अठरा परीटघडीची माणसं बघून ती पुढे आली. "राम राम. कुनीकडनं आलाव?"

मास्तर आपल्या भाषणाची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात अण्णा बोलून गेले, "नगरहून. बघायला आलोय."

रंगुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत बघून हाक दिली. पाच मिनिटांत वाडीचा रंग पालटला. अंगणात घोंगड्या पडल्या, गूळपाणी आलं, गडीमाणसं टोप्या घालून येऊन बसली. मास्तरांचा ऊर भरून आला. "बघ," ते कृपाबाईंच्या कानाशी म्हणाले, "निसर्गदर्शनाचं महत्त्व ह्या लोकांना उपजतच कळतं."

"मला काहीतरी वेगळंच दिसतंय," कृपाबाई म्हणाल्या.

मग झोपडीतून डोईवर पदर घेतलेली एक मुलगी शेंगदाण्यांचं ताट घेऊन आली आणि खाली मान घालून समोर बसली. आसारामअण्णांनी आपल्या आयुष्यात सहा भाच्या आणि चार पुतण्या उजवल्या होत्या. समोर ताट, त्यामागे मुलगी, एवढं दिसताच त्यांची जीभ आपोआप चालू झाली. "नाव काय, बाळ?"

"बनू."

"स्वयंपाक येतो?"

"येतो."

मास्तरांना वाटलं, वाडीनं आपल्या वतीनं बोलायला ही मुलगी पुढे केली आहे. ते घसा खाकरून म्हणाले, "वणव्याबद्दल तुझं काय मत आहे?"

मुलीनं मान वर करून रंगुबाईकडे बघितलं. रंगुबाईनं अठरा जणांवरून नजर फिरवली. अण्णांच्या टकलावर ती जरा थांबली, मास्तरांच्या मिशीवर जरा जास्त थांबली. "आन् नवरा कोंचा म्हनायचा ह्यातला?"

घडलं होतं ते असं, की रंगुबाईच्या ह्या भाचीला बघायला त्याच आठवड्यात संगमनेरकडचे पाहुणे येणार होते. कृपाबाईंनी पुढे होऊन सगळा गुंता सोडवला. सोडवताना त्यांना हसू आवरेना, आणि ते बघून बनूलाही आवरेना. मास्तरांना मात्र आवरलं. विवाहित असून वराच्या रांगेत मोजलं जाणं आणि वर नापसंत झाल्यासारखं दिसणं, हे दोन्ही अपमान एकाच वेळी पचवायचे होते.

"मंग तुमी बगाया काय आलाव?" रंगुबाईनं विचारलं.

"डोंगर."

"डोंगूर?" तिनं मागे वळून बघितलं. "त्यो तर हितंच हाय. धरन-बिरन बांदनार न्हाई न्हवं?"

तेवढ्यात गोरक्ष गार्ड आला, त्यानं परवाना मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. 'व इतर सतरा गवतकापे' ह्या शब्दांवर वाडीतलं लहानथोर सगळं हसलं. रंगुबाई हसली नाही. तिनं डोंगराच्या उताराकडे एकदा बघितलं, मग गोरक्षकडे बघितलं, आणि गोरक्षनं नजर चुकवली.

"गवत कापायचं हाय व्हय? मंग आदी सांगायचं," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली. "चला, लई ग्वाड गवताची जागा दावते."

गवताच्या गोडीची मास्तरांना काय पारख असणार? रंगुबाईनं त्यांना उताराच्या मध्यावर नेलं. तिथं डोंगराच्या अंगावरून आडवा पंधरा हात रुंद पट्टा कुणीतरी साफ कापत आणला होता आणि अर्ध्यावर सोडून दिला होता. तिनं विळे वाटले आणि बोट केलं. "ह्या टोकापासनं त्या वढ्यापतूर. मधी सोडू नगा. बुडातनं कापा."

"पण एका भाऱ्याला एवढं गवत लागत नाही," पोस्टातले एक जण म्हणाले.

"नगरच्या मान्साचा भारा मोठा असतुया," रंगुबाई म्हणाली.

त्या दुपारी अठरा सुशिक्षित माणसांनी जे केलं त्याला कापणी म्हणणं हा विळ्याचा अपमान होईल. होमिओपॅथांनी गवताआधी स्वतःचा पायजमा कापला. पुष्पावतीबाई एकेक काडी मेथी निवडावी तशी निवडत होत्या. मास्तरांनी भूगोलाच्या पद्धतीनं, वाऱ्याची दिशा आणि उताराचा कोन लक्षात घेऊन सुरुवात केली आणि दहा मिनिटांत त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. बनू आणि वाडीच्या चारदोन बायका त्यांच्यामागून चालत, राहिलेलं खुरटं सपासप उडवत आणि एकमेकींना काहीतरी सांगून हसत. संध्याकाळी थोडं आणि रविवारी उजाडल्याबरोबर उरलेलं, असा पट्टा ओढ्यापर्यंत पोचला. भारे बांधून पट्ट्याच्या वरच्या अंगाला, एका मोठ्या आंब्याखाली रचले. तिथंच मंडळींचा मुक्काम होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं असं आता म्हणावं लागतं. रविवारी सकाळी दहाला मास्तर आंब्याखाली दगडावर उभे राहिले. दोन दिवसांत त्यांना कुणी मास्तर म्हणून वागवलंच नव्हतं. आधी नवरा म्हणून बघितलं होतं, मग गवतकाप्या म्हणून राबवलं होतं. सहलीचा मूळ हेतू लोकांपुढे ठेवणं भागच होतं.

"वणवा म्हणजे काय," ते म्हणाले, "आणि तो सुरुवातीलाच कसा विझवावा, ह्याचं मी आता प्रात्यक्षिक करून दाखवणार आहे."

अण्णांनी हात वर केला. "नियम क्रमांक एक."

"प्रात्यक्षिक नियमाच्या वर असतं, अण्णा."

मास्तरांनी दगडांचं हातभर रिंगण केलं, आत मूठभर पाला ठेवला, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या सकाळपासून होत्याच. सगळी शास्त्रीय सिद्धता झाली. मग लक्षात आलं, की काडीपेटी नाही.

"कुणाकडे चुकून राहिली असली तर द्या," मास्तर म्हणाले. "ह्या एका वेळेपुरती मी माफी देतो."

मग पोस्टातल्या एकाचा हात हळूच खिशात गेला. त्याचं बघून दुसऱ्याचा. बघता बघता मास्तरांसमोर चौदा काडीपेट्या जमल्या. पुष्पावतीबाईंच्या पिशवीतून उदबत्तीचा पुडा आणि एक छोटा स्टोव्ह निघाला. अण्णांनी तपकिरीच्या डबीतून दोन सुट्या काड्या काढून दिल्या. शेवटी कृपाबाईंनीही आपल्या औषधांच्या पेटीतून एक काडीपेटी ठेवली. "सुई तापवायला लागते," त्या म्हणाल्या.

ज्याच्या बायकोनंही नियम मोडलाय त्यानं फार बोलू नये. मास्तरांनी काडी ओढली.

पाला पेटला. मास्तर म्हणाले, "पाहा, ही ज्योत अजून लहान आहे," आणि त्याच क्षणी उतारावरून एक वावटळ आली. ती कुठून आली हे भूगोलाच्या पुस्तकात चांगलं दोन पानं दिलेलं आहे आणि मास्तरांनी ते कितीदा तरी शिकवलेलं आहे. तिनं रिंगणातली जळती पानं उचलली आणि दहा हातांवरच्या गवतात नेऊन ठेवली.

"पाणी!" मास्तर ओरडले. बादली उचलली ती हलकी लागली. दुसरीही हलकीच. "पाणी कुठंय?"

"तुमचाच नियम ना?" पुष्पावतीबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "अकरावा. भांडी ओढ्यात धुवू नयेत. मी बादल्यांत धुतली आणि पाणी फेकून दिलं!"

वाळलेलं गवत पेटतं तेव्हा ते आधी बोलतं. तडतड असा आवाज झाला, आणि मग तो आवाज चालू लागला. वारा खाली वाडीच्या दिशेनं होता. पट्ट्याच्या वर जेवढं उभं गवत होतं त्यात आग आडवी पसरली आणि खाली सरकायला लागली. खाली गवतानं शाकारलेली सव्वीस घरं, गुरं आणि पावसाळ्याची वैरण होती. मास्तर अंगातला कोट काढून आगीवर आपटत सुटले. कोटानं पेट घेतला. त्यांनी हातानं झटकला, तर मिशी उजवीकडून पेटली. कृपाबाईंनी त्यांच्या तोंडावर टॉवेल दाबून धरला आणि मागे ओढलं.

"सोड मला! वाडी जाईल, कृपा! माझ्यामुळं जाईल!"

त्यांच्या आवाजात भाषणाचं काही उरलं नव्हतं. कृपाबाईंनी सोडलं नाही.

तोवर खालून वाडी धावत आली होती. बाया, गडी, सगळ्यांच्या हातात निरगुडीचे ओले फाटे. पुढे रंगुबाई. "मास्तर, व्हा बाजूला! बाकीच्यांनी फाटे घ्या! झोडपू नगा, दाबा! दाबून वढा!"

होमिओपॅथ, पोस्टातले दोघं, चारही शिक्षक, आसारामअण्णा, सगळ्यांनी फाटे घेतले. पुष्पावतीबाईंनी मिटलेली छत्री घेतली. धूर इतका, की कोण शहरातलं आणि कोण वाडीतलं ते कळेना, सगळेच काळे. आग बाजूंनी दाबत आणली तरी मधली जीभ खाली पळतच राहिली. ती आंब्याजवळच्या भाऱ्यांशी पोचली, अठराच्या अठरा भारे भडकले, आणि तिथून ती कापलेल्या पट्ट्यावर येऊन थडकली.

तिथं तिला खायला काही नव्हतं. ती कडेकडेनं ओढ्यापर्यंत गेली, परत आली, जरा घुटमळली आणि बसली. चारदोन ठिणग्या पट्टा ओलांडून पडल्या, त्या बनू आणि तिच्या मैत्रिणींनी पायाखाली विझवल्या. अर्ध्या तासात सगळं संपलं.

गोरक्ष गार्ड धापा टाकत आला तो कपाळ पुसत कागद काढूनच आला. ह्या पट्ट्याला खात्यात जाळपट्टा म्हणतात. तो होळीच्या आधी काढून ठेवायचा, म्हणजे वरचा वणवा खाली येत नाही. काढून घ्यायचं काम गोरक्षचं होतं. ते निवडणुकीच्या पेट्या वाहण्यात अर्धं राहिलं होतं, आणि ते पुरं कसं झालं हे आता त्याला कळलं होतं.

"आगीचं कारन," तो लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाला. "विडी, मेंढपाळ, मधवाले, अज्ञात. अज्ञात लिवतो."

"अज्ञात नाही," मास्तर म्हणाले. "मी आहे."

अण्णांनी मास्तरांची बाही ओढली. ती हातात आली. "मास्तर, अहो, सरकारी नोकरी आहे तुमची."

"मी लावली, गोरक्षराव. काडी मी ओढली. लिहा."

"ह्यात मास्तर म्हनून रकाना न्हाई हो," गोरक्ष काकुळतीला येऊन म्हणाला. "कशाला आमचा बी जीव घेता?"

मास्तरांनी त्याच्याच कागदाच्या पाठीवर, फोड आलेल्या हातानं चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, बी.ए., बी.टी. न लिहिता. गोरक्षनं तो कागद विंचू धरावा तसा दोन बोटांत धरून खिशात घातला.

बाकीची मंडळी वाडीत जेवायला गेली. मास्तर गेले नाहीत. रंगुबाईनं त्यांना एक फाटा देऊन सांगितलं होतं, "राख थंड हुईस्तवर बसा हितं. धूर दिसला की दाबा." शिक्षा आहे की काम, हे तिनं सांगितलं नव्हतं.

भर दुपारी काळ्या उतारावर मास्तर एकटेच बसून होते. धूर दिसला की उठत, दाबत, परत बसत. एक लावा पक्षीण खाली उतरे, दोन पावलं चाले, जळक्या गवताच्या एका झुबक्याभोवती फिरे आणि उडे. पुन्हा येई. चारदा आली. पाचव्यांदा आली तेव्हा मास्तर उठून तिथं गेले आणि वाकून बघितलं. मग बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले.

रंगुबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आली तेव्हा त्यांच्या अर्ध्या मिशीवरून पाणी ओघळत होतं.

"रडू नगा, मास्तर. गवत हाय त्ये. पावसाला उगवंल."

"लावीची अंडी होती."

रंगुबाईनं बघितलं. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. "ती न्हाई उगवायची," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. भाकरी पुढे सरकवून म्हणाली, "खावा आता."

मास्तरांनी खाल्लं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

एवढ्यावर हे थांबायला हरकत नव्हती. पण नाका होता. अठरा भारे जळून गेले होते आणि परवान्यावर अठरा भारे दाखवणं बंधनकारक होतं. वाडीनं आपल्या वैरणीतून अठरा भारे काढून दिले. मास्तर नको नको म्हणत होते. रंगुबाई म्हणाली, "वाडी वाचली त्यात वैरन बी वाचली. उचला." कलत्या उन्हात काळ्या तोंडाची, फाटक्या कपड्यांची अठरा माणसं डोक्यावर गवत घेऊन नाक्यावर आली. पुष्पावतीबाईंनी भाऱ्यावर छत्री खोचली होती.

नाकेदारानं मोजले. अठरा. त्यानं शिक्का मारला, कौतुकानं मान हलवली आणि विचारलं, "आता हे नेणार कुठं?"

"नगरला," अण्णा म्हणाले.

"तालुक्याबाहेर? मग वाहतुकीचा वेगळा परवाना लागेल."

अण्णा नोकरीत असताना अशा क्षणी समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो ते रोज बघत होते. आपला कसा होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. भारे तिथंच टाकून सगळे एसटीकडे पळाले. मागे वळून बघितलं तर नाकेदाराची म्हैस पहिल्या भाऱ्याशी पोचली होती.

सोमवारी मास्तर शाळेत गेले ते उरलेली अर्धी मिशीही काढून. नववीच्या वर्गात वाऱ्याचा धडा होता. त्यांनी छडी नकाशावर न टेकवताच तो शिकवला. मुलं सांगतात की त्या दिवशी मास्तर फार हळू बोलले. ते जंगल खात्याच्या नोटिशीची वाट बघत होते. हेडमास्तरांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पोस्टातले दोघं रोज संध्याकाळी 'आज नाही' असं सांगत.

नोटीस दिवाळीनंतर आली. अण्णांनी ती चौकात मोठ्यानं वाचली. 'आपला कबुलीजबाब मिळाला. तथापि सदर दिवशी आपण व इतर सतरा इसम गवत कापण्याच्या परवान्यावर असल्याने, व अठरा भारे नाक्यावर मिळाल्याची नोंद असल्याने, आपण त्या वेळी प्रात्यक्षिक करीत होता हे मान्य करता येत नाही. सबब आगीचे कारण अज्ञात ठेवून आपला अर्ज दफ्तरी दाखल करण्यात येत आहे.'

"सुटलात, मास्तर!" अण्णांनी कागद कपाळाला लावला. "काय भाषा आहे! एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही."

पुष्पावतीबाईंनी साखर वाटली. मास्तरांनी ती हातावर घेतली आणि तशीच धरून वर गेले.

"आता काय झालं?" कृपाबाईंनी विचारलं. "सरकारनं तर माफ केलं."

"माफ कुठं केलं? त्यांनी ऐकूनच घेतलं नाही."

कृपाबाईंनी त्यांच्या हातातली साखर घेऊन डब्यात परत टाकली. "मग ज्यांनी ऐकून घेतलं होतं, त्यांच्याकडे जा की."

"कधी?"

"होळीच्या आधी. जाळपट्टा काढायचा असतो ना तेव्हा? मी रजा मागते."

"बरं," मास्तर म्हणाले. हे 'बरं' मात्र अगदी साधं होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती दोघं घोडदऱ्याच्या वाडीत उतरली. अण्णा आले होते, पोस्टातले दोघं आले होते, आणि यायचं नाही असं तीनदा सांगून पुष्पावतीबाईही आल्या होत्या. बनूचं लग्न होऊन ती संगमनेरकडे गेली होती. काळा झालेला उतार पुन्हा पिवळा झाला होता आणि गवत कमरेला लागत होतं. ह्या वेळी परवान्यावर काय लिहिलंय हे कुणी वाचलं नाही.

रंगुबाई अंगणात उभीच होती. मास्तरांनी नमस्कार केला आणि विळ्यासाठी हात पुढे केला. तिनं आधी त्यांचे चारही खिसे तपासले, मग विळा दिला.